निळ्या गाडीतलं दुसरं बटण

पनवेलच्या आसपास जुन्या युरोपियन गाड्या सांभाळणाऱ्या वेड्यांचा एक ग्रुप आहे. त्यात मी बरीच वर्षं आहे आणि तिथे माझं नाव कुणालाच ठाऊक नाही. मी ‘निळी डिझेल’. सगळ्यांच्या फोनमध्ये मी तसाच सेव्ह केलेला आहे. मलाही कुणाची नावं माहीत नाहीत, विचारायची पद्धतच नाही. एक पांढरीवाला आहे. त्याच्या घरची जमीन हायवेत गेली आणि तिच्या पैशातून जी पांढरी एसयूव्ही आली, तिच्या सीटवरचं प्लास्टिक त्याने अजून काढलेलं नाही. एक लालवाला आहे, उरणकडचा, बंदरात नोकरीला. त्याच्याकडे छोटी लाल हॅचबॅक आहे, आणि मुख्य म्हणजे एक लॅपटॉप आहे. बाकीचे येतात जातात. रविवारी सकाळी कोनजवळच्या टपरीवर जमायचं, एकमेकांच्या इंजिनात डोकी घालायची, चहा प्यायचा, मग रांगेने नेऱ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं. बोलणं सगळं गाडीचं. कुणी नवीन एक्झॉस्ट बसवला, कुणाचा गिअरबॉक्स गेला, कुठला पार्ट कुठून मागवला. घरी कोण आहे, काय दुखतंय, असलं काही तिथे कुणी काढत नाही. मला ते बरंच होतं. घरी सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होतो. उभी हयात पंप आणि बॉयलर यांच्यात गेली. तिथे एक जर्मन पंप होता, माझ्याआधी बसवलेला आणि मी निवृत्त झालो तरी चालू असलेला. त्या पंपाने मला नादाला लावलं असं मी लोकांना सांगतो. खरं कारण दाराचा आवाज. एका ओळखीच्याने आपली निळी जर्मन सेडान विकायला काढली होती, मी नुसता बघायला गेलो, आणि दार लावलं तर धप्प असा आवाज आला. घट्ट, जाड, खात्रीचा. आपल्याकडच्या गाड्यांची दारं पत्र्याच्या डब्यासारखी वाजायची सवय माझ्या कानाला. मी दार परत उघडलं, परत लावलं. तो म्हणाला, “इंजिन तरी बघा.” मी म्हटलं, “ते बघू सावकाश.” झालं, गाडी घरी आली. सोसायटीतले सगळे म्हणाले, “अहो, या वयात पांढरा हत्ती कशाला?” मी म्हटलं, निळा आहे.

मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला होती. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. गाडी आली त्या संध्याकाळी आम्ही खाली पार्किंगमध्ये बसून तिचं जाडजूड पुस्तक वाचत होतो. कुठलं बटण कशाचं, हे शोधण्यात रात्रीचं जेवण राहिलं. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक, दोन, तीन अशी बटणं होती आणि त्यांच्यावर ‘सेट’ लिहिलेलं एक. आपल्याला हवी तशी सीट करायची, आरसे लावायचे, सेट दाबून धरायचं आणि मग आकडा दाबायचा. टुंग असं वाजतं. त्यानंतर कुणीही सीट कितीही हलवली तरी तो आकडा दाबला की सीट आपली आपण घुं करत तुमच्या जागी येते, आरसेसुद्धा तुमच्या डोळ्यांकडे बघत वळतात. मी एक घेतला. तिने दोन घेतला. तीनवर काही ठेवलं नाही, घरात तिसरं माणूस नव्हतं.

गाडी तिला मीच शिकवली. उंचीने ती माझ्याएवढी, पण बसायची स्टिअरिंगला चिकटून. सीट इतकी पुढे की मांड्या स्टिअरिंगला घासायच्या. मी म्हणायचो, “अगं, नाकाने चालवणार आहेस का गाडी?” ती म्हणायची, “बाबा, तू रस्त्याकडे बघ, माझ्याकडे नको बघूस.” पण मी तिच्याकडेच बघायचो. तळोजा लिंक रोडचे खड्डे, समोरून येणारे टँकर, मध्येच आडव्या येणाऱ्या म्हशी, आणि या सगळ्यातून माझी पोरगी जीभ दातात धरून माझा निळा हत्ती हाकते आहे. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता तरी मी दाबत होतो. त्या दोन वर्षांइतका मी घाबरलेलो कधीच नव्हतो आणि त्या दोन वर्षांइतका मजेतही कधी नव्हतो. हे मी तिला कधी बोललो नाही.

मग ती शिकायला जर्मनीला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. गंमत बघा, ज्या देशाची गाडी मी इथे जिवापाड सांभाळतो आहे, त्या देशात राहून तिच्याकडे गाडी नाही. फोनवर म्हणाली, “इथे कोण गाडी ठेवतं बाबा? पार्किंग मिळत नाही. ट्राम आहे ना.” मला त्या ट्रामचा राग आला. कशाचा यायला हवा होता ते मला माहीत होतं, पण ट्राम समोर होती.

ती गेल्यावर मला एक सवय लागली. रविवारी ग्रुपवरून परत आलो की गाडी धुवायची. आमच्याकडे ते काम रोज केलं तरी कमीच, तळोज्याकडून वारा आला की सकाळी बॉनेटवर पिवळट थर बसलेला असतो. गाडी पुसून झाली की मी दार उघडून बाहेर उभा राहायचो आणि दोन दाबायचो. रिकामी सीट घुं करत पुढे जायची. पाठ ताठ व्हायची. आरसे जरा खाली झुकायचे. कुणीतरी बसायच्या तयारीत असल्यासारखं ते सगळं हलायचं आणि थांबायचं. मी थोडा वेळ बघायचो, मग एक दाबून सगळं परत आणायचो. बस, एवढंच. घरात तिचे कपडे होते, पुस्तकं होती, पण ते सगळं नुसतं पडून होतं. हे हलत होतं. सोसायटीत कुणी पाहिलं असतं तर म्हणाले असते, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणू देत.

ग्रुपमध्ये एकमेकांच्या गाड्या चालवून बघायची रीत आहे. चाव्या टपरीच्या बाकावर टाकायच्या आणि ज्याला जी हवी ती त्याने उचलायची. माझी चावी टाकताना मी दर वेळी बजावायचो, “सीट काय हवी ती करा, पण सेटला हात लावायचा नाही. दोनवर माझी मुलगी आहे.” पांढरीवाला पहिल्यांदा हसला होता. लालवाला नव्हता हसला. तो म्हणाला होता, “नाय लावत काका.”

गेल्या पावसाळ्यानंतर तिचा फोन आला. डिसेंबरात येते आहे, मैत्रिणीचं पुण्यात लग्न आहे, आठवडाभर राहीन. आधीच्या दोन खेपा रद्द झाल्या होत्या, त्यामुळे मी फार उत्साह दाखवला नाही. “ये की,” एवढंच म्हटलं. फोन ठेवला आणि घरात दोन फेऱ्या मारल्या. मग खाली जाऊन गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिलो. ती येईल, दार उघडेल, दोन दाबेल आणि सीट तिला ओळखेल. मला एवढंच बघायचं होतं. सांगायला लाज वाटते, पण डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पुढचे दीड महिने मी गाडीच्या मागे लागलो. इंजिन माउंट बदलले. खड्ड्यांनी खिळखिळे झालेले सस्पेन्शनचे बुश बदलले. एसीचा वास घालवला. वायपर, बॅटरी, आतले दिवे, सगळं झालं. गाडी इतकी ठीक झाली की करायला काही उरलं नाही. आमच्यासारख्या लोकांचं इथेच घोडं पेंड खातं. करायला काही उरलं नाही की आम्ही जे चांगलं चाललंय त्याला हात घालतो.

लालवाल्याने त्या रविवारी पांढरीवाल्याच्या गाडीत सुया नाचवून दाखवल्या. म्हणजे असं, की चावी फिरवली की मीटरच्या दोन्ही सुया एकदा टोकापर्यंत सर्रकन जातात आणि परत शून्यावर येतात. उपयोग? शून्य. गाडीला त्याने ना वेग येतो ना ॲव्हरेज. पण आमच्यात ज्याच्या सुया नाचतात त्याची कॉलर ताठ. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तशी सोय कंपनीने लपवून ठेवलेली असते, लॅपटॉप जोडून ती फक्त उघडायची, असं लालवाला सांगत होता. मला वाटलं, पोरगी चावी फिरवेल आणि सुया उठून तिला सलाम करतील. मी म्हटलं, “माझ्याही करून टाक.”

“काका, चालल,” तो म्हणाला. “आनि रिव्हर्सला आरसा खाली वलतो, तो पन करून देऊ? ताईला पार्किंगला बरं परल.”

ताईला बरं पडेल म्हटल्यावर मी नाही कसं म्हणणार? त्याने लॅपटॉप माझ्या सीटवर ठेवला, वायर खाली जोडली. सुया नाचल्या. टपरीवाल्यानेही टाळ्या वाजवल्या. मग त्याने आरशाचं उघडायला घेतलं. दारातला जो छोटा कॉम्प्युटर आरसा आणि सीट दोन्ही सांभाळतो, तो मध्येच अडला. लालवाल्याने त्यातलं सगळं पुसून तो परत चालू केला. गाडी रिव्हर्सला टाकली, आरसा अदबीने खाली वळला. सगळे म्हणाले, वा. मी सहज, अगदी सहज, दोन दाबलं.

सीट हलली नाही. परत दाबलं. एक दाबलं, तेही गेलं होतं. लालवाल्याकडे पाहिलं तर त्याचा चेहरा पांढराफटक.

“बॅकअप घेतला होतास ना?” मी विचारलं.

“घेतला हाय काका. पन सीटचं त्यात नाय येत. त्या जागा आत ऱ्हातात. पुसलं का गेल्या.”

माझं डोकं फिरलं. मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सगळ्यांसमोर बोललो, त्याच्या लॅपटॉपला बोललो, त्याच्या अकलेला बोललो. सुया नाचवायला सांगणारा मी होतो हे त्या वेळी मला आठवलं नाही. तो खाली मान घालून वायर गुंडाळत राहिला. मी चहा तसाच टाकून निघून आलो. सीट लालवाल्याने मागेपुढे केली होती, माझीही जागा बिघडलेली होती. ती नीट करायचंही मला सुचलं नाही, पाठ आखडून तसाच घरी आलो.

त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. हो, रडलो. बायको गेली तेव्हा दवाखान्यात धावपळ होती, लेक गेली तेव्हा विमानतळावर लोक होते. इथे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, बघू, आपण जन्मभर मशिनी जुळवल्या, एक सीट जुळवता येणार नाही? ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, माझी जागा परत एकवर ठेवली आणि मग सीट पुढे घेतली. किती पुढे? पाठ किती ताठ? उंची किती? कळेना. मग लक्षात आलं, की ती चालवत असताना मी या सीटवर कधी बसलोच नव्हतो. मी तिला बघितलं होतं ते शेजारून. म्हणून उतरलो, वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसलो आणि तिथून तिच्या रिकाम्या जागेकडे बघायला लागलो. तिचं कानातलं मागच्या खांबावरच्या सीटबेल्टच्या कडीच्या बरंच पुढे दिसायचं. कोपर खिडकीच्या कडेला टेकायचं नाही, हवेत असायचं. वेणी पाठ आणि सीट यांच्यात कधी अडकायची नाही, कारण पाठ टेकलेलीच नसायची. सगळं आठवत होतं. मी उतरायचो, वळसा घालून बटणं दाबायचो, परत वळसा घालून शेजारी बसायचो. थोडं पुढे. नाही, जास्त झालं. थोडं वर. गाडीभोवती किती प्रदक्षिणा झाल्या कोण जाणे.

वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, “साहब, कुछ गिर गया क्या?”

“हां,” मी म्हटलं.

“मैं ढूंढूं?”

“नहीं, मिल जाएगा.”

मग तिलाच फोन लावला. सरळ सांगायची सोय नव्हती, म्हणून आडून विचारलं, “काय गं, गाडी चालवताना तुझे गुडघे किल्लीच्या जागेला लागायचे का?”

ती म्हणाली, “बाबा, तुला बरं वाटतंय ना? गोळ्या घेतोस ना वेळेवर?”

मी म्हटलं, घेतो. पुढे काही विचारलं नाही. शेवटी शेजारून बघताना एकदा पटलं, की हां, हीच. सेट दाबून दोन दाबलं. टुंग वाजलं. पण ते टुंग माझं होतं, तिचं नव्हतं. बरोबर आहे की नाही ते तीच येऊन बसल्यावर कळणार होतं. माझा जीव तिथेच टांगलेला राहिला.

ग्रुपवर मी जाणं बंद केलं. एक रविवार गेला, दुसरा गेला. कुणाचा तरी फोन येईल असं वाटत होतं. तिसऱ्या रविवारी ग्रुपवर पांढरीवाल्याचा मेसेज आला, ‘निळी डिझेल विकली का? घ्यायला गिऱ्हाईक आहे.’ त्याखाली चार-पाच अंगठे. मी ते किती तरी वेळ वाचत बसलो. म्हातारा आजारी पडला का, मेला का, हे कुणाच्या मनात आलं नाही, गाडी विकली का हे आलं. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्यासाठी मी गाडीच होतो. मी ‘नाही’ एवढंच लिहिलं.

त्याच दुपारी लालवाला दारात उभा. गाडीवरून पत्ता काढत आला होता, सोसायटीच्या गेटवर ‘निळी जर्मन गाडी कुनाची’ असं विचारत. हातात सुक्या बोंबलांची पुडी. आत येऊन सोफ्याच्या अगदी कडेला बसला.

“काका, रागावलाव ना?”

“बस नीट,” मी म्हटलं. “चहा घेणार का?”

चहा पिता पिता त्याने मला एक आयडिया सांगितली. त्याची बायको आताच गाडी शिकतेय, तिला आणून सीटवर बसवू, म्हणजे अंदाज येईल. मी म्हटलं, “तुझी बायको आणि माझी मुलगी, काय संबंध?” तर म्हणाला, “काका, नवीन शिकनारी सगलीच पुरं बसतात, स्टिअरिंगला चिकटून. माजी बायको पन बसतं. भीती असतं ना पोटात.” मी त्याला म्हटलं, राहू दे, मी लावलंय बरोबर. त्याचं ते बोलणं तेव्हा मी कानाआड केलं. बोंबील मात्र चांगले होते.

डिसेंबरात ती आली. विमानतळावरून आणताना प्रवासाने पेंगुळलेली होती, शेजारच्या सीटवर मान टाकून झोपली. मग पुण्याला लग्नाला गेली, तेही मैत्रिणींबरोबर त्यांच्या गाडीतून. मी म्हटलं होतं, “आपली घेऊन जा की.” तर म्हणाली, “बाबा, चौघी आहोत, सगळ्या एकत्र जातो ना.” परत आली तर शाळेतल्या मैत्रिणी, मग दातांचा डॉक्टर, मग खरेदी. सगळीकडे फोनवर टॅक्सी बोलवायची. खिडकीतून मी बघायचो, टॅक्सी गेटशी येऊन उभी राहायची आणि माझी गाडी धुतलेली, पुसलेली, पार्किंगमध्ये बसलेली. घरात ती होती, दोन्ही वेळा एकत्र जेवत होतो, हसत होतो, तरीही मला ती येण्याआधी वाटायचं त्याहून जास्त एकटं वाटत होतं. आधी निदान वाट बघायला काहीतरी होतं.

जायचा दिवस आला. दुपारचं विमान. आमच्या दाराशी नवा कोरा विमानतळ झालाय, पण हिचं विमान काही तिथून सुटत नाही, मुंबईलाच जायचं. बॅगा डिकीत टाकल्या. ती शेजारच्या दाराकडे वळली आणि मी म्हटलं, “चालव ना.”

“मी? बाबा, इथे, इतक्या वर्षांनी? आणि ट्रॅफिक केवढा असेल.”

“चालव गं. मला बघायचंय.”

माझ्या आवाजात काहीतरी असावं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, चावी घेतली आणि ड्रायव्हरच्या बाजूला गेली. मी शेजारी बसलो. सीटबेल्ट लावला. ती बसली आणि तिचा हात सरळ सीटच्या बाजूच्या खटक्याकडे गेला. पुढे, मागे करायला लागली.

“अगं, दोन दाब,” मी म्हटलं.

“काय दोन?”

“दारावर बघ. दोन.”

तिने दारावरच्या बटणांकडे पाहिलं. तिला काहीही आठवत नव्हतं. चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता. मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तिने दोन दाबलं. सीट घुं करत पुढे गेली, पाठ ताठ झाली, आरसे झुकले, आणि माझी पोरगी स्टिअरिंग आणि सीट यांच्यात चेपली गेली.

“अय्यो! बाबा, हे काय? एवढं पुढे कोण बसतं?”

“तू बसायचीस.”

“मी?” ती हसायला लागली. मग हसता हसता थांबली. स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसली. “हो रे. बसायचे खरी. किती घाबरायचे मी तेव्हा.” आणि खटका दाबून ती सीट मागे घ्यायला लागली. मागे, आणखी मागे. “तिकडे ऑफिसच्या गाड्या असतात, रोज वेगळी. कोण सेट करत बसणार? बसायचं, आपल्याला हवी तशी करून घ्यायची, निघायचं.”

मी गाडीभोवती घातलेल्या सगळ्या प्रदक्षिणा त्या खटक्याखाली गेल्या. माझं जुळवलेलं बरोबर होतं. जी मुलगी तिथे बसायची तीच तिथे आता नव्हती.

तिने चावी फिरवली. दोन्ही सुया सर्रकन टोकाला जाऊन परत आल्या.

“अय्या! हे नवीन आहे ना? कसलं भारी!” तिने गाडी बंद करून परत चालू केली, नुसत्या सुया बघायला. आठ दिवसांत गाडीतलं जे एकच तिला आवडलं ते हेच. मी तिला ते कुणी केलं ते सांगितलं, आणि मनात म्हटलं, लालवाल्याला फोन करायला हवा.

गाडी तिने छान चालवली. एका हाताने, पाठ टेकून, बोलता बोलता. वाशीच्या पुलावर एका टँकरने दाबलं तर जीभ दातात न धरता बाजूला झाली. मी ब्रेक दाबायला पाय उचलला आणि परत ठेवला, गरजच नव्हती. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी वाटलं, आता हिला माझी काही म्हणजे काहीच गरज उरलेली नाही. दोन्ही खरं होतं. ती तिकडच्या घराबद्दल बोलत होती, बाल्कनीत काय लावलंय ते सांगत होती. मी तिच्या कानाकडे बघत होतो. कानातलं आता सीटबेल्टच्या त्या कडीच्या अगदी जवळ होतं.

विमानतळावर गाडी थांबवायला दोन मिनिटं देतात. तिने बॅगा काढल्या, मला मिठी मारली, “गोळ्या घे वेळेवर” म्हणाली आणि ट्रॉली ढकलत आत गेली. काचेच्या दाराशी एकदा वळून हात केला. मी हात केला तोवर मध्ये कुणाचं तरी अख्खं कुटुंब आलं.

मी ड्रायव्हरच्या बाजूला येऊन बसलो. सीट तिने सोडलेली तशीच होती, अजून उबदार. मी सेट दाबून धरलं, मग दोन दाबलं. टुंग वाजलं. हे टुंग तिचं होतं. मग मी एक दाबलं. पूर्वी दोनवरून एकवर यायला सीट बराच वेळ सरकत राहायची. आता ती घुं करून निघाली आणि लगेच थांबली. मला वाटलं अडकली. परत एक दाबलं. हलली नाही. बघितलं तर माझी जागा आली होती, जेमतेम चार बोटं मागे.

मी तसाच बसून राहिलो. मागे हॉर्न वाजायला लागले. शिट्टी फुंकत एक पोलीस आला आणि त्याने काचेवर टकटक केलं.

“काका, गाडी काढा.”

“काढतो हो,” मी म्हटलं. “लेक आत्ताच आत गेलीय.”

त्याने मागच्या रांगेकडे हात दाखवला. “सगळ्यांचीच गेलीय काका. घ्या पुढे.”